बुसानचा निसर्ग पाहायचाय? आधी मेट्रोचा नकाशा उघडा

शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी बुसानला नव्याने आलेले असोत की सोलहून दोन-तीन दिवस काढून आलेले, मराठी मंडळींच्या हातातली यादी बहुतेक एकच असते. हेउन्दे बीच, समुद्राकाठचं देऊळ, रंगीत घरांची वस्ती, मासळी बाजार आणि रात्री पुलाचे दिवे. हे सगळं एका दिवसात उरकायचं असतं. मग दिवसाचा निम्मा वेळ बसमध्ये जातो आणि संध्याकाळी "ठीक आहे, मुंबईलाही समुद्र आहे की" असं म्हणत लोक परततात.

बुसान हे कोरियातलं दुसऱ्या क्रमांकाचं शहर. पण ते सपाट जागेवर पसरलेलं नाही. डोंगर शहराच्या मधोमध घुसलेत, आणि वस्ती उरलेल्या खोऱ्यांत आणि किनाऱ्यावर बसली आहे. त्यामुळे नकाशावर बोटभर दिसणारं अंतर कापायला तास लागतो. याच रचनेमुळे ८०० मीटरचा डोंगर, समुद्राचे कडे आणि स्थलांतरित पक्ष्यांची बेटं हे सगळं मेट्रो किंवा साध्या सिटी बसने गाठता येतं. म्हणून आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी एकच नियम सांगते: एका दिवशी एकच दिशा. खालच्या पायऱ्या त्याच हिशेबाने लावल्या आहेत.

पायरी १: महिना आधी, तिकीट नंतर

हातात निवड असेल तर ऑक्टोबरचा मध्य ते नोव्हेंबरचा मध्य. आकाश स्वच्छ, हवा कोरडी, डोंगरावर पानं तांबडी-पिवळी. दुसरी पसंती मार्चअखेर ते एप्रिलची, चेरीच्या बहरासाठी. कॅमेलियाची लाल फुलं मात्र ऐन थंडीत असतात. बुसानची थंडी सोलपेक्षा बरीच सौम्य, पण समुद्रावरचा वारा कानात शिरतो.

टाळायचा काळ म्हणजे जूनअखेर ते जुलैअखेर. तेव्हा इथला पावसाळा असतो. त्यानंतर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये टायफूनची शक्यता. इशारा लागला की समुद्राकाठच्या वाटा साखळी लावून बंद करतात आणि साखळी ओलांडून कुणी जात नाही. तुम्हीही जाऊ नका.

दोन गोष्टी नव्या माणसाला कुणी सांगत नाही. एक, वणव्याचा मोसम. साधारण फेब्रुवारी ते मे मध्य आणि नोव्हेंबर ते डिसेंबर मध्य या काळात डोंगरावरच्या काही वाटा बंद ठेवतात. मुख्य वाटा बहुधा चालू असतात, पण आडवाटेचा बेत असेल तर आधी चौकशी करा. त्या दिवसांत काडेपेटी किंवा लायटर घेऊन डोंगरावर जाणं हा गुन्हा धरला जातो. दुसरी गोष्ट, सोमवार. नदीच्या मुखावरचं पक्षीकेंद्र, तेजोंगदे या समुद्रकड्यांच्या जागेतली छोटी गाडी अशा बऱ्याच गोष्टी सोमवारी बंद असतात.

पायरी २: कागदपत्रं

भारतीय पासपोर्टला कोरियासाठी व्हिसा लागतो. महाराष्ट्रातून अर्ज करणाऱ्यांचं काम मुंबईच्या कोरियन वाणिज्य दूतावासाच्या अखत्यारीत येतं. साधारण तयारी अशी ठेवा:

- किमान सहा महिने मुदत उरलेला पासपोर्ट, भरलेला अर्ज, अलीकडचा फोटो
- बँकेचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट आणि आयकर विवरणपत्रं
- नोकरीचं पत्र किंवा रजा मंजुरी. विद्यार्थ्यांसाठी कॉलेजचं पत्र
- कुठे राहणार, कुठे फिरणार याचं एक पानी वेळापत्रक

यादी अधूनमधून बदलते, त्यामुळे अर्ज करण्याच्या आठवड्यात दूतावासाची ताजी यादी पाहूनच फाइल लावा. तिकीट पक्कं करायची घाई व्हिसाआधी नको.

उतरण्याआधीच्या तीन दिवसांत ई-अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरता येतं. ते पूर्णपणे फुकट आहे. सर्च केल्यावर वर येणाऱ्या काही साइट त्याचे पैसे मागतात. तिथून लगेच बाहेर पडा आणि कोरियन सरकारच्या साइटवर जा.

सामानात ताजी फळं, भाजी, बिया, रोपं किंवा मांसाचे पदार्थ नकोत. हापूसची पेटी कितीही प्रेमाने बांधलेली असली तरी ती विमानतळावरच राहील. भाकरवडी, चिवडा, खाकरा आणा. डोंगरावर त्यांचा उपयोग होतो.

पायरी ३: नकाशा, कार्ड आणि कोरियन अक्षरं

गुगल मॅपवर कोरियात विसंबू नका, चालत जायच्या वाटा त्यावर धड मिळत नाहीत. नेवर मॅप किंवा काकाओमॅप घ्या. दोन्ही इंग्रजीत चालतात. नेवरवर बस किती मिनिटांत येतेय तेही दिसतं आणि ते बहुतेक वेळा खरं असतं. ठिकाणांची नावं कोरियन लिपीत फोनमध्ये साठवून ठेवा. इंग्रजी स्पेलिंग एकाच जागेची तीन प्रकारे होतात, आणि टॅक्सीवाल्या काकांना आपला उच्चार कळेलच असं नाही. अक्षरं दाखवली की काम होतं.

प्रवासासाठी टी-मनी कार्ड कुठल्याही कन्व्हिनियन्स स्टोअरमध्ये मिळतं. त्यात पैसे भरायला बहुतेक ठिकाणी रोखच लागते, म्हणून थोडे वॉन खिशात ठेवा. मेट्रोचं छोट्या टप्प्याचं भाडं साधारण १,६०० वॉन आहे. बसमधून उतरतानाही कार्ड मशीनला लावा. आपल्याकडे ही सवय नाही, त्यामुळे लोक विसरतात आणि पुढच्या मेट्रोची बदली-सवलत हुकते. उतरल्यापासून अर्ध्या तासात पुढचं वाहन पकडलं तर सहसा नवीन भाडं लागत नाही.

आता मेट्रोचा नकाशा समोर घ्या. केशरी रंगाची लाइन १ उत्तरेच्या डोंगरापासून नैऋत्येला नदीच्या मुखापर्यंत जाते. हिरवी लाइन २ पूर्वेच्या किनाऱ्याला लागून येते आणि मग आत वळते. निसर्गासाठी या दोन लाइन पुरतात. दोन्ही लाइन सोम्योन स्टेशनात एकमेकींना भेटतात, त्यामुळे राहायची जागा त्या भागात घेतली तर रोज सकाळी तुम्हाला दोन्ही दिशा मोकळ्या असतात. हेउन्देला समुद्रासमोर खोली घेण्यात मजा आहे, पण तिथून डोंगराकडे जायला रोज तास-सव्वा तास मोजावा लागतो.

पायरी ४: हिरवी लाइन, हेउन्दे ते सोंगजोंग (अर्धा दिवस)

हेउन्देची वाळू दीड किलोमीटर लांब, मागे काचेच्या इमारती. अगदी सकाळी जा. त्या वेळी आजी-आजोबांच्या रांगा ओल्या वाळूवर अनवाणी चाललेल्या दिसतात. अंगात जाकीट, डोक्यावर झाकणारी टोपी, एका हातात बूट. सध्या कोरियात अनवाणी चालण्याचं वेड आहे. पाय धुवायला नळही असतात.

पोहायचं असेल तर फक्त उन्हाळ्याच्या मोसमात, ठरलेल्या वेळेत आणि तरंगत्या दोरीच्या आत. इथे परत ओढणारा प्रवाह आणि जेलीफिश दोन्हींचा त्रास होतो. जीवरक्षक शिट्टी मारतात ती गंमत म्हणून नाही.

बीचच्या पश्चिम टोकाला दोंगबेक्सोम आहे. नावात बेट असलं तरी आता ते जमिनीला जोडलेलं आहे. पाइन आणि कॅमेलियाच्या झाडीतून अर्ध्या तासाची फेरी होते. पूर्व टोकाला मिपो. तिथून सोंगजोंगपर्यंत जुन्या रेल्वेमार्गावर आता पर्यटकांची छोटी गाडी धावते, आणि चोंगसापोपर्यंत तिच्या वरच्या उंच रुळांवरून रंगीत कॅप्सूल. फोटोसाठी सगळे कॅप्सूलच्या रांगेत उभे असतात. माझं मत विचाराल तर त्याच रुळांच्या बाजूने लाकडी फळ्यांची पायवाट आहे, ती फुकट आहे आणि समुद्र तिथूनच जास्त जवळ आहे. मिपो ते चोंगसापो चाला. तिथल्या समुद्रात घुसलेल्या सज्जावर थांबा, वाटल्यास पुढे गाडीने सोंगजोंगला जा. सोंगजोंगला सर्फिंग शिकवतात.

पायरी ५: हिरवी लाइन, इगिदेचा कडा (अर्धा दिवस, पण घाई नको)

बुसानमध्ये एकच जागा बघायला वेळ असेल तर मी इगिदे सांगेन. किनाऱ्याचा हा पट्टा कित्येक वर्षं लष्कराच्या ताब्यात होता आणि १९९३ मध्ये लोकांसाठी खुला झाला. तिथे इमारती न उठण्याचं हे मोठं कारण. शहराच्या ऐन कुशीत पावणेपाच किलोमीटर निव्वळ कडा, झाडी आणि लाटा.

सुरुवात ओर्युकदोपासून करा. लाइन २ वर दोन विद्यापीठांच्या नावाचं ग्योंगसंग-बुग्योंग स्टेशन आहे. तिथून २७ किंवा १३१ नंबरची बस शेवटपर्यंत जाते. उतरल्यावर समोर समुद्रात खडकांची रांग उभी दिसते. भरती-ओहोटीप्रमाणे ती कधी पाच, कधी सहा बेटांची होते. कड्याच्या टोकाला ३५ मीटर उंचीवर काचेची जमीन असलेला सज्जा आहे. तिकीट नाही. काचेला ओरखडे पडू नयेत म्हणून बुटांवर चढवायला कापडी खोळी देतात. पाऊस किंवा जोराचा वारा असेल तर सज्जा बंद.

याच जागेवरून कोरियाच्या दोन लांबलचक पदयात्रा-वाटा सुरू होतात. हेपारांग-गिल पूर्व किनाऱ्याने थेट उत्तर सीमेपर्यंत साडेसातशे किलोमीटर जाते. दुसरी, नामपारांग-गिल, दक्षिण किनाऱ्याने पश्चिमेकडे निघते. आपल्याला हेपारांगचा सुरुवातीचा तुकडाच चालायचा आहे. खांबांवर आणि झाडांवर त्यांच्या रंगीत फिती बांधलेल्या असतात. फिती दिसत राहिल्या की रस्ता बरोबर.

पहिली पंधरा-वीस मिनिटं पायऱ्यांची चढण आहे, ती दम काढते. त्यानंतर वाट कड्याच्या कडेने वरखाली होत राहते. एका बाजूला पाइनचं जंगल, दुसऱ्या बाजूला थेट खाली पाणी. खडक नीट बघा. डायनासोरांच्या काळातल्या ज्वालामुखींनी घडवलेले हे थर आहेत. कुठे राखेचा हिरवट पट्टा, कुठे त्यात अडकलेले धारदार दगड. पुढे दगडी सपाट पठार लागतं, तिथे लोक डबे उघडून बसतात. शेवटी दोंगसेंगमालजवळ पाच छोटे झुलते पूल आहेत. ते ओलांडता ओलांडता समोर ग्वांगआन पूल आणि हेउन्देच्या उंच इमारती उलगडत जातात. ओर्युकदोकडून सुरुवात करायचं कारण हेच. उलट दिशेने गेलात तर हे दृश्य सगळा वेळ पाठीमागे राहतं.

वेळ अडीच तास धरा, मुलं बरोबर असतील तर साडेतीन. मधे दुकान नाही, म्हणून पाणी आधीच घ्या. चप्पल-सँडल नको, काही पायऱ्या ओल्या असतात. दुपारी दोनच्या सुमारास निघालात तर शेवटचा टप्पा उतरत्या उन्हात मिळतो. डिसेंबरात मात्र सूर्य पाचच्या थोडं पुढे मावळतो, तेव्हा बाराला निघा. वाटेवर अंधारात चालण्यासारखं नाही.

शनिवार असेल तर तिथून ग्वांगाल्ली बीचवर जाऊन रात्रीचा ड्रोन शो बघता येतो. गर्दी दादरसारखी असते, जेवण आधी उरका.

पायरी ६: केशरी लाइन, उत्तर टोक: गुमजोंगसान (पूर्ण दिवस)

सह्याद्रीत गड चढलेल्यांना हा डोंगर मनापासून आवडेल. सर्वांत उंच शिखर गोदांगबोंग, ८०१.५ मीटर. म्हणजे कळसूबाईच्या निम्मं. पण डोंगराच्या माथ्यावरून सतराएक किलोमीटरची तटबंदी फिरली आहे, कोरियातल्या डोंगरी किल्ल्यांत सर्वांत मोठी. आजची तटबंदी १७०३ मध्ये बांधायला घेतली. जपानी आणि मांचू स्वाऱ्यांनी पोळल्यानंतरचं हे बांधकाम. चार दिशांना चार दरवाजे, वर लाकडी छप्पर. आपल्या गोमुखी दरवाजांची चतुराई इथे दिसत नाही, पण कड्याच्या धारेवरून भिंत नेण्याची हिंमत तीच.

खडकाचा फरकही पाहण्यासारखा आहे. आपला सह्याद्री म्हणजे बसाल्टचे आडवे थर. इथे सुमारे सात कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या पोटात गोठलेला ग्रॅनाइट आहे, तोही गोल झालेल्या प्रचंड धोंड्यांच्या रूपात. दख्खनचा लाव्हा साधारण त्याच सुमाराला, थोडा नंतर वाहिला. हा डोंगर आता राष्ट्रीय उद्यान झाला आहे. २०२५ मध्ये त्याला मंजुरी मिळाली. त्यामुळे वाटा आणि नियम थोडेफार बदलत राहतील, पायथ्याचे फलक वाचत जा.

वाट अशी धरा:

१. लाइन १ वर बोमोसा स्टेशन. तिथून ९० नंबरची बस देवळापर्यंत वर चढते.

२. बोमोसा मंदिर, स्थापना इ.स. ६७८. प्रवेश फुकट. शांतपणे अर्धा तास द्या. एप्रिलअखेर ते मेच्या सुरुवातीला गेलात तर शेजारच्या ओढ्याकाठी रानटी विस्टेरियाच्या जांभळ्या वेली फुललेल्या असतात. तो जिवंत नैसर्गिक ठेवा म्हणून संरक्षित आहे.

३. देवळामागून उत्तर दरवाज्याकडे. पाऊण ते एक तास, सगळी वाट धोंड्यांवरून पाय टाकत. काही ठिकाणी दगडांखालून वाहणाऱ्या पाण्याचा आवाज येतो, पाणी दिसत नाही. वर दरवाज्याजवळ शौचालय आणि झरा आहे. झऱ्याशेजारी पाणी तपासल्याचा फलक असतो. पिण्यालायक लिहिलंय का ते फोनवर भाषांतर करून बघा, मगच बाटली भरा.

४. दरवाज्यापासून गोदांगबोंग अर्धा-पाऊण तास. शेवटी लोखंडी जिना. वरून एका बाजूला नाकदोंग नदीचं पात्र, दुसऱ्या बाजूला शहराच्या फटींतून समुद्र. जवळच एका उंच खडकाच्या माथ्यावर पाण्याचा खळगा आहे, गुमसेम. स्वर्गातून सोनेरी मासा तिथे उतरला अशी कथा सांगतात.

५. परत उत्तर दरवाज्यापाशी उतरा आणि तटबंदीच्या बाजूने दक्षिणेला पूर्व दरवाज्याकडे चाला. हे चार किलोमीटर म्हणजे या दिवसाचं सार. भिंत वळणं घेत पुढे पळते, कड्यांवर गिर्यारोहक दोर लावून लटकलेले असतात.

६. पूर्व दरवाज्याहून २०३ नंबरची बस थेट ओन्चोनजांग मेट्रोला उतरवते. पायात जीव असेल तर दक्षिण दरवाज्यापर्यंत जाऊन केबल कारने उतरा. तिची शेवटची फेरी संध्याकाळी लवकर असते, वेळ सकाळीच पाहून ठेवा.

एकूण पाच-सहा तास. शनिवार-रविवारी वाटेवर साठी-सत्तरीच्या बायका-पुरुषांचे जथे असतात, नखशिखांत डोंगरी पोशाखात, दोन्ही हातांत काठ्या. तुम्ही जीन्समध्ये असाल तर त्यांना तुमची दया येते आणि हातात संत्रं किंवा काकडी पडते. दोन्ही हातांनी घ्या, मान लववा. बऱ्याच डोंगरवाटांच्या तोंडाशी नळीला लावलेली हवेची बंदूक दिसेल. ती उतरल्यावर बूट आणि पँटवरची धूळ उडवायला असते. दाब जोरदार असतो, तोंडाकडे धरू नका.

मधल्या किल्लेगावात काळ्या बोकडाचं भाजलेलं मांस आणि मक्गोली ही तांदळाची दारू प्रसिद्ध आहे. शाकाहाऱ्यांनी ओकच्या फळांच्या पिठाची वडी, दोतोरी-मुक मागवून पाहावी.

खाली ओन्चोनजांग हा गरम पाण्याच्या झऱ्यांचा भाग. दुखऱ्या पायांना स्नानगृह उत्तम, मात्र आत बायका आणि पुरुष वेगवेगळे असले तरी अंगावर कपडा ठेवायची पद्धत नाही. स्विमसूटसुद्धा नाही. हे दारात कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

पायरी ७: तेजोंगदे (अर्धा दिवस)

लाइन १ वरच्या नाम्पो स्टेशनबाहेरून ८ किंवा ३० नंबरची बस योंगदो बेट ओलांडून तेजोंगदेला जाते. दाट जंगल आणि त्याखाली सरळ समुद्रात उतरलेले उंच कडे. चार किलोमीटरहून थोडी मोठी डांबरी फेरी आहे, तिच्यावरून दनुबी नावाची रबरी चाकांची गाडी फिरते. सुट्टीच्या दिवशी तिच्या रांगेत जितका वेळ जातो तितक्यात चालत दीपगृहापर्यंत पोचता येतं. ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तरच रांग लावा.

दीपगृह १९०६ चं. त्याच्या खाली उतरणाऱ्या पायऱ्या थेट लाटांनी कापलेल्या दगडी पठारावर नेतात. तळ्याच्या गाळाचे पट्टे खडकात स्पष्ट दिसतात. हवा अगदी निर्मळ असेल तर पन्नासेक किलोमीटरवरचं जपानचं त्सुशिमा बेट क्षितिजावर उमटतं. उतरताना सोपं वाटतं, पण तेवढंच परत चढायचं असतं.

पायरी ८: केशरी लाइन, दक्षिण टोक: नदीचं मुख (दुपार ते संध्याकाळ)

ही दिशा पर्यटक सहसा सोडतात, म्हणून इथे थोडं जास्त लिहिते.

दक्षिण कोरियातली सर्वांत लांब नदी नाकदोंग बुसानच्या पश्चिमेला समुद्राला मिळते. मुखाशी वाळूचे लांबट बांध आणि गाळाची बेटं तयार झालीत. हा सगळा प्रदेश १९६६ पासून नैसर्गिक वारसा म्हणून संरक्षित आहे, पक्ष्यांसाठी. १९८७ मध्ये मुखावर बंधारा झाला. खारं आणि गोडं पाणी वेगळं पडलं आणि खाडीचं जगणंच बदललं. २०२२ पासून बंधाऱ्याचे दरवाजे ठरावीक काळाने उघडून समुद्राचं पाणी पुन्हा आत घेतात. पलीकडे उंच इमारतींची नवी वसाहत, अलीकडे बोरूच्या गवतात हंस, असं हे चमत्कारिक दृश्य आहे. ऐरोली किंवा शिवडीचे रोहित पाहिलेल्या माणसाला त्यात ओळखीचं काहीतरी सापडेल.

हादान स्टेशनला उतरा आणि बसने उल्सुकदो बेटावर जा. तिथल्या पक्षीकेंद्रात मोठ्या काचेसमोर दुर्बिणी लावलेल्या आहेत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हंस, रानबदकं, हंसबदकं भरपूर. कधी पांढऱ्या शेपटीचा समुद्रगरुडही दिसतो. उन्हाळ्यात गेलात तर गवत छान, पण पक्षी थोडे. भडक कपडे नकोत आणि फोटोसाठी कुंपण ओलांडणं तर नकोच.

दुपारी चारच्या सुमारास परत लाइन १ धरून शेवटच्या स्टेशनला, दादेपो बीचला या. स्टेशनच्या दारातून समुद्र चालण्याच्या अंतरावर. हेउन्देचा किनारा खोल आणि निळा, तर इथला उथळ, करडा, गाळाचा. पाणी घोट्याइतकंच राहतं, त्यामुळे मुलांना मोकळं सोडता येतं. बोरूच्या बनातून लाकडी पूल फिरवला आहे. खाली चिखलात बोटभर खेकडे असतात, पावलाची चाहूल लागली की क्षणात बिळात. तुम्ही मिनिटभर हलू नका, ते परत वर येतात आणि एक मोठी नांगी हलवत बसतात.

सूर्य नदीच्या मुखाकडे मावळतो. कोरियाच्या पूर्व बाजूला सूर्यास्ताची जागा शोधायची तर हीच. वरून वाळूचे बांध पाहायचे असतील तर आमिसानच्या वेधगृहावर आधी जाऊन या. ते टेकडीवर आहे, बस घ्यावी.

पायरी ९: शहराबाहेरचा एक दिवस

तीन पर्याय देते. त्यातला एकच घ्या.

*उल्सान.* बुजोन स्टेशनवरून दोंगहे लाइनची लोकल सव्वा तासात तेह्वागांग स्टेशनला पोचते, तेच टी-मनी कार्ड चालतं. सापळा असा की तेह्वागांगचं प्रसिद्ध बांबूचं बन या स्टेशनच्या जवळ नाही. नाव एकच असलं तरी तिथून बस घ्यावी लागते. हिवाळ्यात संध्याकाळी या बनावर कावळ्यांच्या जातीच्या रूक पक्ष्यांचे प्रचंड थवे मुक्कामाला येतात, आकाश काळं होतं. टोपी घालून उभे राहा, कारण सांगायला नको. समुद्र हवा असेल तर देवांगआम पार्क, जुन्या पाइनच्या जंगलापलीकडे तांबूस खडक.

*यांगनाम, ग्योंगजूचा किनारा.* बसाल्टचे षटकोनी खांब आपल्याला अंधेरीच्या गिल्बर्ट हिलमुळे माहीत आहेत, तिथे ते उभे आहेत. इथे ते आडवे पडलेत, आणि एका जागी तर पंख्यासारखे गोल पसरलेत. हा भागही लष्करी पहाऱ्यात असल्याने अलीकडेपर्यंत लोकांना माहीत नव्हता. किनाऱ्याची वाट जेमतेम दोन किलोमीटर, पण बस कमी. परतीची वेळ पोचल्या पोचल्या पाहून ठेवा.

*गानवोलजे.* हजार मीटरहून उंच डोंगरांच्या रांगेतली ही खिंड. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर तिथला उतार रुपेरी गवताने भरतो. शनिवार-रविवारी अर्धा प्रांत तिथे असतो. जमलं तर मधल्या वारी जा.

चांगन्योंगचं उपो हे पाणथळही नामी आहे, १९९८ पासून रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळांच्या यादीत. पण त्याची मजा पहाटेच्या धुक्यात आहे, आणि त्यासाठी आदल्या रात्री तिथे मुक्काम लागतो. बुसानहून सकाळी निघून दुपारी पोचणाऱ्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये.

पायरी १०: पाठीवरची पिशवी आणि अडचण आली तर

- पकड असलेले बूट, पूर्ण पँट. गवतात बसू नका. गोचिडांमुळे होणारा गंभीर ताप इथे खरोखर आढळतो
- वारा अडवणारं पातळ जाकीट, मे महिन्यातसुद्धा
- एक लिटर पाणी आणि कचऱ्यासाठी रिकामी पिशवी. डोंगरावर कचरापेट्या नसतात
- पॉवर बँक, पासपोर्टची प्रत, थोडी रोकड

शाकाहाऱ्यांनी एक धरून चालावं: भाजीच्या सुपातही सुकवलेल्या मासळीचा रस्सा असतो आणि किमचीत बहुधा माशाचा सॉस. बिबिम्बाप, म्हणजे भाज्या घालून कालवायचा भात, मांस-अंड्याशिवाय मागता येतो. सकाळी किम्बापच्या, म्हणजे समुद्रशेवाळात गुंडाळलेल्या भाताच्या रोलच्या दुकानात हॅम, फिशकेक आणि अंडं काढून रोल बांधून घ्या, दुपारी डोंगरावर तोच जेवण होतो. थंडीत कन्व्हिनियन्स स्टोअरमध्ये भाजलेली गरम रताळी मिळतात, उपवासवाल्यांचीही सोय.

डोंगरात पाय मुरगळला किंवा वाट चुकली तर ११९. पोलिसांसाठी ११२. वाटेवर ठरावीक अंतराने अक्षरं आणि आकडे लिहिलेले खांब असतात. तो नंबर वाचून दाखवला की बचाव पथकाला तुमची जागा नेमकी कळते. म्हणून चालताना शेवटच्या खांबाचा फोटो काढत जा. भाषेची अडचण आली तर १३३० हा पर्यटकांचा मदत क्रमांक, इंग्रजीत बोलतात. बस चुकली, हॉटेलवाल्याला काही समजवायचंय, देऊळ उघडं आहे का विचारायचंय, कशालाही लावा. गुमजोंगसानावर रानडुकरं आहेत, संध्याकाळनंतर वाट सोडून झाडीत शिरू नका. दिसलं तर पाठ फिरवून पळायचं नाही, हळूहळू मागे सरकायचं आणि जवळच्या झाडामागे किंवा खडकावर जायचं.